बारावा छर्रा

एका गावात एक पोतं भरनारा व्हता. नाव सिदबा. शेंगांची सुगी आली की चार गावांतनं त्याला बोलावनं यायचं. भुईमुगाची शेंग म्हंजे लई नखऱ्याची. पोत्यात घातली की आडवी-तिडवी पडती, मदी वारा राहतो. पन सिदबानं भरलेल्या पोत्यात वाऱ्याला जागा नसायची. पोतं हलवायचं, आपटायचं, गुडघ्यानं दाबायचं, कोपऱ्यात काठीनं ठासायचं. मंग वर थाप मारायची. ढोलावानी आवाज आला की सिदबा मिशीवरनं हात फिरवायचा.

ही सवय पोत्यापाशी थांबली असती, तर ही गोष्ट सांगाय लागली नसती. पन सिदबाला रिकामी जागा कुटंच बघवत नव्हती. घरातला डबा तो असा दाबून भरायचा, की झाकन काढताना पोहे अंगावर उडायचे. बाजारला गेला की पिशवीचे बंद तुटायचे. पाव्हना जेवाय बसला की ताटात भाकरी दिसायची, ताट दिसायचं न्हाई.

आन् बोलन्यात तर इचारूच नका. समोरच्यानं श्वास घेतला, तरी सिदबाला तितं फट दिसायची. लगेच आपला शबूद तितं ठासायचा. त्याची बायको सुंद्रा वीस वर्सं झाली "अवं, मला जरा" येवढंच बोलत आली व्हती. म्होरलं राहूनच जायचं.

हसू नका. तुमच्या बी घरात असा एकजन हाय. कोन, ते मी सांगत न्हाई.

सिदबाची एक सायकल व्हती. काळी, उंच, म्हशीवानी दनकट. सुगीत तीच त्याला गावोगाव न्यायची. पन दसऱ्याच्या तोंडावर ती कुरकुराय लागली. पायंडल मारलं की बुडातनं आवाज यायचा, कट कट कट. दोनी पायंडलांच्या मदी जे आडवं नळकांडं असतं ना, त्यात एक दांडी फिरती. दांडीच्या दोनी टोकांना दोन कप, आन् कपात लोखंडी छर्रे. छर्रे मळले, वाळले, की सायकल रडाय लागती.

गावात बाबालाल मिस्त्री सायकली दुरुस्त करायचा. म्हातारा मानूस, डोळ्यानं अधू पन जिभेनं तिखट. तो म्हनाला, "सिदबा, टाक हितं. सांजपातूर करून देतो."

"तुज्याकडं कशाला? शेंगांनी पोतं भरनाऱ्याला छऱ्यांनी कप भराय येत न्हाई व्हय? घरीच करतो. तुजा तेवढा रुंद पाना दे."

मिस्त्रीनं पाना दिला. वर सांगितलं, "मोजून काढ, मोजून घाल. दोनी बाजूला अकरा-अकरा. अकरा घातलंस तरी एक फट दिसंल. ती फट—"

"कळलं, कळलं, कळलं!" म्हनत सिदबा पाना घेऊन गेला बी.

फटीचं काय करायचं, ते मिस्त्रीच्या तोंडातच राहिलं.

खंडेनवमीच्या आदल्या दिशी सिदबानं अंगनात सायकल उलटी केली. सुंद्रा कडंला डाळ निवडत बसली व्हती. सिदबानं चेन काढली. पायंडलाच्या खिट्ट्या हातोडीनं ठोकून काढल्या. डाव्या बाजूचा कप सोडला, दांडी भायेर वडली, तसे दोनी कपांतले छर्रे खळाखळा खाली परातीत पडले.

सुंद्रा म्हनाली, "अवं, ती भाकरीची परात—"

"परात ती परातच! भाकरी काय, छर्रा काय, दोनी गोलच!"

सिदबानं छर्रे घासलेटात धुतले. चिंधीनं पुसले. मोजले. बरोबर बावीस. चांदीवानी चकाकत व्हते. शेजारच्या हौसाक्काची तांबडी कोंबडी तितंच हिंडत व्हती. डाळीतला खडा सुंद्रानं भिरकावला, की पळत जाऊन टिपायची.

मंग सिदबानं उजव्या कपात ग्रीस थापलं आन् एकएक छर्रा चिकटवाय लागला. हितं त्यानं मोजलं न्हाई. पोतं भरनारा काय शेंगा मोजतो? भरलं म्हंजे अकरा झाले, असा त्याचा हिशेब. अकरा बसले. आन् मदी राहिली फट, पडलेल्या दातावानी. ती फट सिदबाला बघवंना. त्यानं अजून एक छर्रा उचलला. अंगठ्यानं दाबला. जाईना. पान्याच्या दांड्यानं ठोकला. कच्च करून बसला.

सुंद्राचा डाळीवरचा हात थांबला. "अवं, तितं जरा—"

"तू डाळ निवड! कोपरा कसा भरलाय बघ. सुई शिरायची न्हाई!"

आता हिकडं डाव्या कपात घालाय छर्रे किती राहिले? तुमी मोजा. सिदबानं बी मोजले. धा. परत मोजले. धा. डाव्या कपात ही मोठी फट. सिदबानं धोतार झटकलं. परात पालथी केली. अंगन झाडलं. छर्रा काय गावंना.

नेमकं त्याच टायमाला हौसाक्काच्या तांबडीनं मान वर केली आन् घुटुक करून कायतरी गिळलं.

झालं. निकाल तितंच लागला.

तरी बी सिदबानं धा छऱ्यांवर कप आवळला, सायकल सुलटी केली आन् बसला. पायंडल फिरंना. पायंडलावर उभा राहिला. सायकल कर्र कर्र करत दारातनं भायेर पडली, चार हात गेली आन् पायंडल आडकलं. सिदबा थेट हौसाक्काच्या शेन्यांच्या ढिगावर जाऊन बसला.

हौसाक्का भायेर आली. एकटी म्हातारी. घरात दुसरं मानूस म्हनाल, तर ती तांबडीच. सकाळी उठली की तिच्याशी बोलायची. जेवताना पैला घास तिला टाकायची.

सिदबा शेन्यांवरनंच वरडला, "आक्के! तुज्या कोंबडीनं माजा छर्रा गिळला! एक छर्रा कमी, म्हनून सायकल आडकती! उद्या नवमी हाय. कापू, छर्रा काढू. छर्रा माजा, रस्सा तुजा!"

हौसाक्का कमरंवर हात ठेवून म्हनाली, "आरं सिदबा, माजी तांबडी दाना टिपती. लोखंड खायाला ती काय भंगारवाली हाय?"

"म्या डोळ्यानं बघितलं! घुटुक केलं तिनं!"

"घुटुक तर तू बी करतोस च्या पिताना. तुजं पोट फाडू?"

गल्लीतली मानसं जमली. हौसाक्कानं तोंड उघडलं की सिदबा त्यात चार वाक्यं कोंबायचा. म्हातारी किती पुरनार? शेवटाला सिदबानं तांबडी धरली, आपल्या अंगनात डालग्याखाली झाकली आन् वर धोंडा ठेवला. हौसाक्काच्या डोळ्यांत पानी आलं. तिनं डालग्याच्या फटीतनं मूठभर जोंधळं टाकलं आन् घरात गेली.

सुंद्रा म्हनाली, "अवं, छर्रा कोंबडीत—"

"कोंबडीतच हाय! तुला बी पटलं न्हवं!"

सुंद्रा उठली. परसातल्या भिताडापलीकडं गेली आन् हौसाक्काला बारा छऱ्यांची हकीकत सांगितली. हौसाक्कानं मिस्त्रीला सांगितली. मिस्त्रीनं समद्या गावाला सांगितली. दिवस मावळायच्या आत गावातल्या शेंबड्या पोराला सुद्दा ठाव झालं, की छर्रा कपात हाय. एका सिदबाला सोडून. कारन त्याला सांगायचं, तर आदी त्यानं तोंड मिटाय पायजे.

आता ह्या गावात खंडेनवमीची एक रीत व्हती. घरातली समदी हत्यारं धुऊन पाटावर मांडायची. हळदकुकू लावायचं, झेंडूचं फूल वाहायचं. एकदा का पूजा झाली, की दसऱ्याला सकाळी घरातल्या कारभाऱ्यानं नारळ वाढवस्तवर कुनी हत्याराला हात लावायचा न्हाई. कुदळ न्हाई, कोयता न्हाई. अगदी सुई बी न्हाई.

दरसाली सुंद्रा खुरपं, कुऱ्हाड आन् पोती शिवायचा दाभन तेवढा मांडायची. आवंदा ती कोंबडं आरवायच्या आत उठली. विळी मांडली. सुरी मांडली. आडकित्ता मांडला. पाना, हातोडी, पक्कड, उलथनं, समदं मांडलं आन् कुकवानं लालभडक करून टाकलं.

सिदबा उठून बघतो तर पाटावर मुंगीला वाट न्हाई. ठासून भरलेला पाट बघून तो आदी खूसच झाला. मंग ध्यानात आलं.

"अगं, आता कोंबडी कशानं कापू?"

"देवाला इचारा," सुंद्रा म्हनाली.

दोनच शबूद. मदी फट नव्हती म्हनून सिदबाला काय कोंबता आलं न्हाई.

रीत मोडायची तर देवीचं भ्याव. शेजाऱ्यापाजाऱ्याकडं सुरी मागायची तर त्यांच्या बी सुऱ्या पाटावर. मंग सिदबानं दुसरा मारग काढला. खराट्याची काडी घेऊन डालग्याशेजारी बसला. आत गेलेला छर्रा कुटनंतरी भायेर येनारच की! तांबडीनं शिटलं, की सिदबा डालगं उचलून काडीनं बघायचा. छर्रा न्हाई. परत शिटलं, परत काडी. सनासुदीचा दिस, गाव पुरनपोळी खातंय, आन् ह्यो बाबा काय निवडत बसलाय बघा.

दुपारच्याला बाबालाल मिस्त्री आला. "माजा पाना कुटं हाय?"

"देवात बसलाय."

"नशीब काढलं त्यानं. आन् तू काय करतोयस?"

सिदबानं समदी कथा सांगितली. उगवतीपासनं मावळतीपातूर सांगितली. मिस्त्रीनं तीन येळा तोंड उघडलं, तीन येळा मिटलं. सिदबा दमला, तवा मिस्त्री लई गंभीर तोंड करून म्हनाला, "असा न्हाई छर्रा गावायचा. कोंबडीच्या पोटात दाना भरडायला बारके खडे असतात. त्यात छर्रा असंल तर तो खुळखुळतो. कान लावला की आयकू येतं. पन आयकनाऱ्यानं अजाबात बोलायचं न्हाई. एक शबूद बोललास की कोंबडी पोट आवळून धरती."

"खरं सांगतोस?"

"सायकलवाला कवा खोटं बोलतो?"

सिदबानं डालग्याला कान लावला. दोनी हातांनी तोंड दाबून धरलं, न्हाईतर ते आपसुक उघडलं असतं. डोळे मिटले. अंगन एकदम शांत झालं. वीस वर्सांत त्या अंगनात येवढी शांतता झाली नव्हती. तांबडी आतनं कुक-कुक करत व्हती, ते आयकू आलं. पाटावरच्या झेंडूवर माशी गुनगुनत व्हती, ते आयकू आलं. सिदबाला नवलच वाटलं. आपल्या अंगनात येवढं समदं असतंय व्हय?

आन् मंग सुंद्राचा आवाज आला. सावकास, नीट.

"अवं, उजव्या कपात तुमी बारा छर्रे दाबलासा. मी मोजलं. म्हनून हिकडं धा राहिले. बारा आन् धा बावीस. कोंबडीनं खडा गिळला, मी टाकलेला."

सिदबाचे डोळे उघडले. हात तोंडावरनं सुटाय लागला.

मिस्त्रीनं बोट वर केलं. "आं आं! पोट आवळंल ती."

सिदबानं परत तोंड दाबलं.

आता मिस्त्री म्हनाला, "आन् ती फट ठेवायची असती, येड्या. छऱ्याला सरकाय जागा लागती. बारावा कोंबला की समदे एकमेकांच्या अंगावर. कुनीच फिरत न्हाई. हेच तुला परवा सांगत व्हतो."

भिताडावरनं हौसाक्काचं तोंड वर आलं. "आन् माज्या शेन्या मोडल्यास, त्या येगळ्या!"

सिदबा ताडकन उठला. "खोटं! समदं खोटं! उद्या नारळ वाढवला की उघडून दावतो. बारा निगाले तर... तर..."

"तर काय?" तिगं बी एकदमच म्हनाली.

सिदबा पाय आपटत घरात गेला.

दसऱ्याला दिवस उगवला. सिदबानं नारळ वाढवला आन् पाना उचलला. सुंद्रा हिरीवर पानी आनाय गेली व्हती. हौसाक्का देवळात गेली व्हती, तांबडीसाठी नवस बोलायला. अंगनात सिदबा, सायकल आन् डालग्याखालची कोंबडी, तिघंच.

त्यानं खिट्ट्या काढल्या. डावा कप सोडला. धा छर्रे. दांडी भायेर वडली. वाकून उजव्या कपात बघितलं, बोट लावून मोजलं. बारा. उलट्या बाजूनं मोजलं. बारा. तिसऱ्यांदा मोजाय लागला, तर सुरवात कुटनं केली तेच इसरला.

बारावा छर्रा त्यानं नखानं उचकटला आन् तळहातावर घेतला. येवढासा जीव. आन् त्याच्यापायी गल्लीभर आरडाओरडा केलेला.

आता बगा हं. हितं खरी गंमत हाय. सिदबानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. कुनी न्हाई. डालगं हातभर अंतरावर. छर्रा आत टाकला, वर थोडी घान चोपडली, की काम फत्ते. "गावला, गावला, कोंबडीनं शिटला!" म्हनून वरडायचं. आपला शबूद खरा. कोंबडी बी जित्ती सुटती. कुनाचं वाईट व्हत न्हाई. सुंद्रा खोटी पडंल, मिस्त्री तोंडावर पडंल, येवढंच.

सिदबानं डालगं कनभर उचललं आन् छर्रा आत सरकवला.

तांबडीनं मान वाकडी करून छऱ्याकडं बघितलं. एक टोच मारली. चोचीत धरला. आन् थू करून दिला टाकून. छर्रा गडगडत आला आन् सिदबाच्या पायाच्या आंगठ्याला लागून थांबला.

सिदबानं परत आत सरकवला. तांबडीनं परत टाकला.

दोन दीस जिला चोर ठरवली, ती चोरीचा माल हातात दिला तरी घेत नव्हती. सिदबा तिच्याकडं बघत राहिला. आन् मंग त्याला हसू फुटलं. एकटाच बसून हसाय लागला. हसता हसता डोळं पुसलं. धोंडा बाजूला केला आन् डालगं उलटं केलं. तांबडी पंख झाडत भायेर आली, अंगनात एक फेरी मारली आन् घरी गेली.

सांजच्याला गाव देवळाम्होरं जमलं. आपट्याची पानं हातात घिऊन जो तो एकमेकाला सोनं देत व्हता. सिदबा पारावर चढला. लोकांनी एकमेकाकडं बघितलं. म्हातारी मानसं खाली बसली. हा आता तासभर उठू देत न्हाई, ह्याची समद्यास्नी खात्री.

सिदबानं मूठ उघडली. छर्रा दावला.

"ह्यो कपातच व्हता. बारावा. म्याच ठासला व्हता. कोंबडी खरी, मी खोटा."

येवढं बोलून तो थांबला. लोकं म्होरलं बोलनं आयकायला थांबली. सिदबा बी थांबला. त्यानं ती जागा तशीच रिकामी सोडली. जलमात पैल्यांदा.

मंग तो पारावरनं उतरला आन् गर्दीतनं वाट काढत हौसाक्काकडं गेला. तांबडी तिच्या काखंत व्हती. सिदबानं वाकून म्हातारीच्या हातात सोनं दिलं. "आक्के, चुकलो. शेन्या बी उद्या थापून देतो."

एक पान त्यानं तांबडीम्होरं धरलं. तिनं मान वाकडी करून बघितलं. टोच मारली. आन् पान घुटुक करून गिळून टाकलं.

हौसाक्का कोंबडी छातीशी धरून दोन पावलं मागं सरली. "सिदबा! आता सोनं गिळलं म्हनून परत पोट फाडाय येऊ नगंस हां!"

अख्खा पार हसला. समद्यात मोठ्यांदा सिदबाच हसला.

दुसऱ्या दिशी त्यानं परत कप भरले. ह्या टायमाला मोजून. इकडं अकरा, तिकडं अकरा. दोनी कपांत एकएक फट राहिली. सिदबाचा आंगठा दोनदा फटीकडं गेला. त्यानं तो आंगठा ढुंगनाखाली दाबून धरला, पन फटीत काय कोंबलं न्हाई. कप आवळला. पायंडलाला नुसतं बोट लावलं, तर ते गर्र करून फिरलं आन् फिरतच राहिलं. आवाज न्हाई, कुरकुर न्हाई.

सुंद्रा दारात उभी व्हती. म्हनाली, "अवं, मला जरा—"

सिदबानं तोंड उघडलं. मंग मिटलं. वाट बघितली.

सुंद्राला म्होरं बोलायची सवयच नव्हती. मंग पदर खोचत म्हनाली, "मला जरा सायकल शिकवा."

वीस वर्सं तेवढंच सांगायचं व्हतं तिला.

"चल," सिदबा म्हनाला.

सुंद्रा सायकलवर बसली. सिदबानं मागनं धरली. सायकल सुळकन दारातनं भायेर पडली, चार हात गेली, धा हात गेली, आन् मंग कुटं जाऊन पडली, ते सांगाय नको. सिदबानं सकाळीच थापलेल्या हौसाक्काच्या नव्या शेन्या त्या दिशी अजून वाळायच्या व्हत्या.

तात्पर्य: भराय येनं चांगलं, पन एक फट सोडाय येनं त्याहून चांगलं. छऱ्याला फिराय जागा लागती, आन् दुसऱ्याच्या खऱ्या बोलन्याला कानात शिराय जागा लागती. जो ती जागा ठासून भरतो, त्याची गाडी आडकती आन् आळ बिचाऱ्या कोंबडीवर जातो.